डोणीत न पडलेले पाणी

त्या माळावर वर्षाचे पाच महिने पाणी नसे. जे होते ते माळ संपल्यावर, टेकड्यांच्या पलीकडच्या तळ्यात. तिथवर ज्याचे पंख पोहोचत तो प्यायचा. ज्याचे पोहोचत नसत तो दुसऱ्याच्या मनावर जगायचा.

म्हणून माळाने एक रीत घालून घेतली होती. माळाच्या मधोमध एक काळा सपाट खडक होता आणि त्या खडकात एक खोलगट डोणी होती. ती कोणी खोदली की वाऱ्यापावसानेच कोरली, हे कोणाला सांगता येत नसे. उन्हाळ्यात तळ्यावर जाणारा प्रत्येक पक्षी परतताना चोचीतून पाणी आणी आणि सर्वांदेखत त्या डोणीत सोडी. सोडण्याआधी खडकावर बसलेला कोतवाल विचारी, "कोणाच्या नावानं?" आणणारा कोणा गेलेल्याचे नाव घेई. आईचे, जोडीदाराचे, मागच्या उन्हाळ्यात फांदीवरून गळून पडलेल्या एखाद्या शेजाऱ्याचे. मग पाणी पडे आणि भोवतालचे सगळे एका सुरात म्हणत, "पोहोचलं."

म्हातारे, पंख मोडलेले, डोळे गेलेले पक्षी चालत चालत खडकापर्यंत येत आणि पीत. त्या डोणीमुळे पुष्कळ जीव वाचले होते. रीत वाईट नव्हती.

रीतीला एकच नियम होता. आपल्या घरट्यातली पिल्ले सोडून डोणीबाहेर कोणी कोणाला परस्पर पाणी द्यायचे नाही. हा नियमही उगाच झालेला नव्हता. फार जुन्या एका दुष्काळात ज्याने त्याने आपल्या आवडत्यांना पाणी पाजले होते. गोड बोलणाऱ्यांना मिळाले, स्तुती करणाऱ्यांना मिळाले. ज्यांना कोणी नव्हते त्यांची हाडे कोरड्या ओढ्याच्या वाळूत अजून सापडत. त्यानंतर माळाने ठरवले की देणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंड पाहायचे नाही. मध्ये डोणी असावी.

त्या डोणीची राखण कोतवालाकडे होती. काळा कुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा हा पक्षी अंगाने लहान, पण ससाण्याच्या पाठीवर बसून त्याला टोचत माळाबाहेर नेऊन सोडण्याइतका धीट. तो कोणाच्या भिडेला बळी पडत नसे. स्वतः दिवसातून चार खेपा करी आणि स्वतःलाही तोच प्रश्न विचारून मगच पाणी सोडी. उन्हाळा लागताना माळाचे पाणके, म्हणजे खास डोणीसाठीच खेपा करणारे पक्षी, तोच निवडत असे. निवडताना तो चोचीचा आकार पाहत नसे, स्वभाव पाहत असे. "पाणी चोचीत मावत नाही," तो म्हणे, "स्वभावात मावतं." आणि बहुतेक वेळा त्याचे खरे ठरे.

सातभाई पहिल्यापासून पाणके होते. ते सातही जण एकत्र उठत, एकत्र उडत, एकत्र भांडत. एकट्याने पाणी आणलेला सातभाई माळाने पाहिलेला नव्हता. वाटेत बोलण्याच्या आणि हसण्याच्या नादात अर्धे पाणी सांडे, पण उरलेले अर्धेही सात चोचींचे असे. आणि ते आले की खडकावर जत्रा भरल्यासारखे वाटे. म्हातारे पक्षी पाण्यासाठी येत तितकेच त्यांच्यासाठीही येत. होलाकाकूही पाणकी होती. ती मऊ स्वभावाची. कोणाचेही दुःख ऐकले की तिचा गळा दाटून येई, आणि गळा दाटला की चोचीतले पाणी नकळत पोटात जाई. ती डोणीपाशी पोहोचे तेव्हा पुष्कळदा तिच्याजवळ सांगायला खूप आणि सोडायला दोन थेंब असत. तरी कोतवाल तिला दरवर्षी निवडी.

पखुर्ड्याला त्याने विचारले नव्हते.

पखुर्डा माळावर मागच्या हिवाळ्यात आला. आकाशातून पखुर्ड्यांचा एक थवा चालला होता, त्यातली एक जोडी इथे उतरली आणि माळाच्या दूरच्या कडेला, जिथे खडे आणि गवताची थोटके याशिवाय काही नव्हते, तिथे राहिली. पखुर्ड्याचा रंग धुळीसारखा होता. तो बसला की तीन पावलांवरून दिसत नसे. बोलणे कमी, तेही मादीशी. चार चोची जमल्या की त्याचे डोळे जमिनीला लागत. ढगाची सावली सरकली तरी तो दचके. माळाने त्याच्याकडे दोनदा पाहिले आणि तिसऱ्यांदा पाहायचे सोडून दिले.

उन्हाळ्याच्या तोंडी त्यांना तीन पिल्ले झाली. पखुर्ड्यांच्या जातीत पिल्लांचे पाणी बापाकडे असते. नर तळ्यात पोटापर्यंत उतरतो, अंग हलवत हलवत छातीची पिसे भिजवतो, आणि ती पिसे कापसाने प्यावे तसे पाणी पिऊन घेतात. तो ते भिजलेले ओझे घेऊन उडत येतो आणि ताठ उभा राहतो; पिल्ले त्याच्या छातीत चोची खुपसून एकेक पीस ओढतात आणि पाणी पितात. हे पाणी ओतता येत नाही, ओढूनच घ्यावे लागते. ओढणारी चोच नसेल तर ते कोणाचेच नसते, उन्हाचे असते.

एका सकाळी तळ्याकाठच्या वठलेल्या झाडावर ससाणा बसलेला होता. पखुर्डा काठाच्या दगडांत दबून बसला. ससाणा उठेल मग उतरू, असे त्याने ठरवले. ससाणा उठला नाही. सावल्या आखूड होत गेल्या. अखेर ससाणा कंटाळून गेला तेव्हा पखुर्डा पाण्यात उतरला, छाती गच्च भिजवली आणि जीव खाऊन उडाला. पोहोचला तेव्हा छाती ओलीच होती. पिल्ले खळग्यात एकमेकांना चिकटून होती आणि त्यांतल्या एकानेही मान वर केली नाही.

मादी तीन दिवस खळग्याजवळ बसून राहिली. चौथ्या दिवशी आकाशातून त्यांच्या जातीचा एक थवा ओरडत गेला. तिने मान वर केली.

"येतोस?" तिने विचारले.

"सकाळचं पाणी आणायचंय," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि ती थव्यामागे गेली.

त्यानंतरही तो रोज तळ्यावर जात राहिला. रोज तितकाच वेळ पाण्यात उभा राहून छाती भिजवी, उडत येई, रिकाम्या खळग्याच्या कडेशी ताठ उभा राही आणि पिसे फुलवून वाट पाही. ऊन चढे. छाती वाळे. मग तो दाणे टिपायला जाई. आपण हे का करतो, असे त्याने स्वतःला विचारले नाही. विचारले असते तर कदाचित थांबावे लागले असते.

हे सातभाईंनी पाहिले. आणि सातभाईंनी पाहिले म्हणजे माळाने पाहिले.

"शेठ आंघोळ करून येतात," थोरला म्हणाला.

"नुसती आंघोळ नव्हे," दुसरा म्हणाला, "अंगावर पाणी घालून येतात आणि मग उन्हात उभे राहून सुकवतात. माळ तहानेनं मरतोय आणि यांची ही तऱ्हा!"

"पाव डोणी पाणी असेल त्या छातीत."

"आणि डोणीत आजवर एक थेंब नाही!"

कोतवालाने दोन सकाळी लांबून स्वतः पाहिले. मगच त्याने पखुर्ड्याला खडकावर बोलावले. ऐकीव गोष्टीवर तो कोणाला बोलावत नसे.

पखुर्डा आला तेव्हा खडकाभोवती सगळे जमलेले होते. तो तळ्यावरून तसाच आला होता. छातीवरची पिसे काळपट, जड दिसत होती. त्याने खडकाकडे पाहिले, मग आपल्या पायांकडे.

"तळ्यावरून आलात?" कोतवालाने विचारले.

"हो."

"पाणी आणलंत?"

"आणलं," तो म्हणाला.

"मग सोडा. कोणी अडवलंय?"

पखुर्डा डोणीच्या कडेशी गेला. तो पाण्यावर वाकला, छाती दगडावर टेकली आणि दाबली. दगड ओला झाला. डोणीत दोन थेंब पडले. त्याने पुन्हा दाबली. या वेळी एकही पडला नाही.

"अहो शेठ, पिळून तरी काढा!" धाकटा सातभाई ओरडला, आणि सगळे हसले. होलाकाकू हसली नाही, पण तिने नजर दुसरीकडे वळवली, आणि ते पखुर्ड्याला हसण्याहून अधिक लागले.

कोतवाल हसला नव्हता. "थेंब दोन असोत की दोनशे," तो म्हणाला, "रीत रीत आहे. कोणाच्या नावानं?"

पखुर्ड्याने चोच उघडली. त्याच्या जातीत पिल्लांना पंख फुटल्यावर नावे ठेवतात. या तिघांना ठेवलेली नव्हती. रोज तो त्यांना ज्या आवाजाने बोलवायचा तो आवाज त्याला आठवत होता. पण तो काही नाव नव्हता, आणि इतक्या जणांसमोर काढता येण्यासारखाही नव्हता.

"नाव नाही," तो म्हणाला.

"नाव नाही?"

"ठेवलं नव्हतं."

कोतवालाला ते कळले नाही. कळण्यासारखे पखुर्ड्याने काही सांगितलेही नव्हते. नाव नसल्यामुळे कोणीच "पोहोचलं" म्हणाले नाही. पखुर्डा दगडावरचा ओला डाग वाळेपर्यंत तिथे उभा राहिला, मग माळाच्या कडेकडे उडून गेला.

"असतो एकेकाचा स्वभाव," कोतवाल म्हणाला. त्यात राग नव्हता. "झऱ्याला सांगावं लागत नाही, आणि दगडाला सांगून उपयोग नाही. यापुढे कोणी त्याला चिडवायचं नाही."

त्यानंतर कोणी चिडवले नाही. त्याच्याशी कोणी बोललेही नाही.

त्याच पंधरवड्यात एका सकाळी ससाण्याने तितरीण उचलली. माळाच्या उतरणीला हेकळीची काटेरी झुडपे होती, त्यांच्याखाली तिचे घर होते. तिला सहा-सात दिवसांची तीन पिल्ले होती. कोतवाल ससाण्याच्या मागे अगदी टेकड्यांपर्यंत टोचत गेला, पण ससाण्याने पकड सोडली नाही. कोतवाल परत आला तेव्हा त्याच्या पंखातून रक्त येत होते. तो खडकावर बसून राहिला.

माळ हळहळला. असा एकही पक्षी नव्हता ज्याला त्या पिल्लांचे वाईट वाटले नाही. पिल्लांना उडता येत नव्हते. डोणी तिथून इतकी दूर होती की मोठ्या तितरालाही उघड्या माळावरून चालत यायला अर्धी सकाळ लागे, आणि वरून घारी फिरत होत्या.

"आम्ही जातो," सातभाई म्हणाले, "आत्ताच जातो. पिल्लांना घेऊनच येतो डोणीवर."

"घेऊन या," कोतवाल म्हणाला. "मी वरून घारी हाकतो."

ते गेले. हेकळीभोवती उतरून सातही जण एकदम बोलू लागले. "बाळांनो, या! घाबरू नका! आम्ही आलोय! अरे, तिकडे बघ! तू इकडून जा! बाळांनो!" तितरिणीने पिल्लांना एकच धडा दिलेला होता: गलका ऐकला की दगड व्हायचे. पिल्ले दगड झाली. सातभाईंनी झुडूपन् झुडूप पाहिले, दोघे काट्यांत ओरबाडून निघाले, एकाचा डोळा थोडक्यात वाचला. पण मातीच्या रंगाची तीन पिल्ले त्यांच्या पायांजवळ असूनही त्यांना दिसली नाहीत. दुपारी ते परतले तेव्हा ते खरोखर दमलेले होते आणि खरोखर रडत होते.

"नाहीत तिथे. गेली असतील," थोरला म्हणाला.

"आहेत," कोतवाल म्हणाला. "मला वरून एकदा हललेलं दिसलं. तहान लागली की येतील बाहेर."

मग कोणीतरी म्हणाले की आपण निदान डोणी तरी भरून ठेवू. आणि त्या दुपारी माळाने जे केले ते पूर्वी कधी केले नव्हते. जे कधी पाणी आणत नसत तेही तळ्यावर गेले. एकापाठोपाठ एक चोची येत होत्या. "कोणाच्या नावानं?" "तितराच्या पिल्लांच्या." "पोहोचलं." "कोणाच्या नावानं?" "पिल्लांच्या." "पोहोचलं." दिवस कलला तेव्हा डोणी काठोकाठ भरली होती, खडकावरून ओघळ वाहत होते आणि तापलेल्या दगडावर वाफ होऊन जात होते. सर्वांच्या मनाला थोडे बरे वाटले. आणि ते खोटे नव्हते. ज्याने त्याने मनापासून आणले होते.

परतताना होलाकाकू वाट वाकडी करून पखुर्ड्याच्या खळग्यापाशी उतरली. ती कोणाला टाळू शकत नसे, आणि त्याला हसले होते त्या दिवसापासून तिला ते डाचत होते.

"पखुर्डेभाऊ, कळलं ना?"

"पाहिलं."

"मी दोनदा निघाले हो. थेट हेकळीकडेच निघाले होते. म्हटलं, नियम गेला खड्ड्यात. पण त्या लेकरांचा विचार मनात आला की घसा असा दाटून येतो..." ती थांबली. "दोन्ही वेळा पाणी माझ्याच पोटात गेलं. सांगायलासुद्धा लाज वाटते."

पखुर्ड्याने छातीचे एक पीस चोचीने नीट केले.

"तुम्हाला काहीच वाटत नाही का, भाऊ?"

"वाटतं."

"मग बोलत का नाही? बोललं की हलकं वाटतं."

"किती दिवसांची आहेत?" पखुर्ड्याने विचारले.

"सहा. फार तर सात."

त्याने रिकाम्या खळग्याकडे पाहिले. होलाकाकू आणखी बराच वेळ बोलत होती. तितरिणीच्या आठवणी, तिचे धावणे, तिचे भांडण, एकदा तिने कावळ्याला कसे पळवले होते ते. पखुर्डा ऐकत होता की नाही हे तिला कळले नाही. त्याला एकच गोष्ट माहीत होती आणि ती माळावर दुसऱ्या कोणाला माहीत नव्हती. सात दिवसांचे पिल्लू अशा उन्हात एक दुपार काढते. दुसरी काढत नाही.

दुसऱ्या दिवशी तो तळ्यावर गेला तेव्हा ससाणा वठलेल्या झाडावर होता. पखुर्डा काठाच्या दगडांत दबला. ससाण्याने डोळे अर्धे मिटले होते. त्याचे पोट फुगलेले होते आणि नखांना अजून तितरिणीचे एक पीस चिकटलेले होते. आज त्याला कोणाची भूक नव्हती. पखुर्ड्याला हे दिसले आणि तरी भीती गेली नाही. भीती जाईपर्यंत थांबायचे, असे त्याने एकदा केले होते. आज तो भीतीसकट पाण्यात उतरला. सर्व अंग आखडून, एक डोळा झाडावर ठेवून, त्याने छाती भिजवली. घाई केली नाही. घाईत पिसे पुरती पीत नाहीत.

येताना वाटेवर खळगा लागला. पंख आपसूक खाली वळले. त्याने ते पुन्हा वर उचलले.

हेकळीखाली तो उतरला आणि उभा राहिला. समोर तीन खडे होते. ते खडे नाहीत हे त्याला पाहताक्षणी कळले. तो स्वतः आयुष्यभर खडा होऊन जगला होता. आपल्या पिल्लांना बोलवायचा तो आवाज घशापर्यंत आला. पण ही तितराची पिल्ले. त्यांना तो आवाज परका. आणि आवाज ऐकून तर ती अधिकच दगड होणार. पुढे जावे तर पळतील. त्याला येण्यासारखे एकच काम होते, ते त्याने केले. तो उभा राहिला.

ऊन चढू लागले. पाठ तापली. छातीवरची वरवरची पिसे वाळत चालली आहेत हे त्याला कळत होते. एकेक पीस हलके होत होते आणि प्रत्येकाबरोबर काळीज खाली जात होते. कुठे घार ओरडली, आणि त्याच्या अंगातून शिरशिरी गेली, पण ती त्याने पिसांच्या आतच ठेवली. माळावर इतका वेळ इतके निश्चल उभे राहणे दुसऱ्या कोणाला साधले नसते. सातभाईंना तर घटकाभरही नाही. होलाकाकूला हुंदका फुटला असता.

हेकळीची सावली आखूड झाली आणि खड्यांवरून सरकली. तेव्हा एक खडा हलला. पिल्लाला ऊन सोसेना. त्याने सावली शोधली, आणि जवळ दुसरी सावली नव्हती, फक्त त्या धुळीच्या रंगाच्या उंचवट्याची होती. ते हळूहळू सरकत त्याच्या पोटाखाली येऊन बसले. बसताना त्याची चोच पिसांना लागली. ते थबकले. पुन्हा लावली. मग त्याने एक पीस धरून ओढले.

पखुर्ड्याने डोळे मिटले.

दुसरेही आले. दोघांची ओढाताण त्याच्या छातीवर सुरू झाली. तीच जागा, तसेच झटके, फक्त चोची जरा आखूड आणि बोथट. ते त्याला सोसत नव्हते. तो सोसत राहिला. तिसऱ्यासाठी त्याने उजव्या अंगाची पिसे झाकून ठेवली होती. वाट पाहून त्याने डोळे उघडले आणि तिसऱ्या खड्याकडे नीट पाहिले. त्याच्यावर मुंग्या चढत होत्या. तेवढा एक दगड खरा झालेला होता.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. दोन्ही पिल्ले आता त्याचे पंख ऐकले की बाहेर पळत येत. सातभाईंनी हे चौथ्या दिवशी पाहिले.

"कोतवालसाहेब, शेठ हेकळीकडे जातात. रोज."

"डोणीला वळसा घालून जातात!"

"तिथं काय करतात?"

"ते लांबून दिसत नाही. नुसते उभे असतात. पण परस्पर काहीतरी चाललंय खास."

कोतवालाला परस्पर या शब्दाची चीड होती. त्या शब्दामुळे ओढ्यात पडलेली हाडे त्याला माहीत होती. तो पाचव्या दिवशी स्वतः गेला. डोणी अजून भरलेली होती. तिच्या काठावर दोन म्हातारे पक्षी पीत होते, आणि ते पाहून त्याला नेहमीप्रमाणे समाधान वाटले. त्याचे बोलणे तयार होते. रीत काय, नियम का झाला, एकाने मोडला तर उद्या कोण कोणाला पाजेल. तो हेकळीशेजारच्या दगडावर उतरला.

पखुर्डा ताठ उभा होता. एका पिल्लाचे फक्त पाय दिसत होते. बाकी सगळे त्याच्या छातीत होते. दुसरे बाजूला बसून पाळीची वाट पाहत होते.

"पखुर्डे," कोतवाल म्हणाला.

"हळू," पखुर्डा म्हणाला. "जोरात बोललात तर दगड होतील. मग पुन्हा पहिल्यापासून."

माळावर कोतवालाला असे कोणी बोलले नव्हते. तो होता तिथेच न हलता उभा राहिला. पिसांतून पिल्लाच्या पिण्याचा बारीक आवाज येत होता. कोतवालाने पखुर्ड्याच्या ओल्या छातीकडे पाहिले, पिल्लाच्या हलणाऱ्या मानेकडे पाहिले, आणि खडकावर हीच छाती दगडाला टेकून दाबली जात असताना आपण काय म्हणालो होतो ते त्याला आठवले.

"हे असंच निघतं?" अखेर त्याने हळूच विचारले.

"असंच."

"तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"तिथं पिणारं कोणी नव्हतं," पखुर्डा म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "आज जरा थांबावं लागेल, साहेब. एक जण प्यायचा राहिलाय."

पण तो राहिलेला एक जण कंटाळला होता. त्याने नवा पाहुणा पाहिला. हाही न हलता उभा होता, आणि या पिल्लाला एव्हाना जगाविषयी एवढेच माहीत झाले होते की जो न हलता उभा राहतो त्याच्याजवळ पाणी असते. ते तुरुतुरु कोतवालाच्या पायांपाशी आले, मान उंचावली आणि त्याच्या छातीत चोच खुपसली.

कोतवालाची पिसे गुळगुळीत होती. तळ्यावर दिवसातून चार वेळा जाऊनही त्यांच्यावर कधी थेंब टिकला नव्हता. ससाण्याच्या पाठीवर ज्याचे पाय हलत नसत त्याचे पाय आता दगडावर घट्ट आवळले गेले. उडून जाता आले असते. पिल्लाने एक पीस ओढले, सोडले, दुसरे धरले. मग त्याच्या शेजारचे. वरून खाली, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, ते नीट शोधत चालले होते, कुठेतरी असणारच अशा खात्रीने. आणि कोतवाल श्वास रोखून, छाती पुढे काढून, त्याचे शोधून होण्याची वाट पाहत उभा होता.